हत्ती, सूत्र आणि ‘मानभावी’ हा शब्द

१/ यवतमाळ–दारव्हा रस्त्यावर बोरी अरब हे गाव आहे. गावाची पाटी वाचणाऱ्या इतिहासप्रेमी तरुणाच्या मनात पहिला प्रश्न उमटतो, की वऱ्हाडाच्या काळ्या मातीत हा ‘अरब’ आला कोठून? उत्तरही तत्काळ सुचते. अरब शिपाई आले असतील. त्यांना गाव इनाम मिळाले असेल. त्यावरून नाव पडले असेल. तीन वाक्यांत इतिहास तयार होतो आणि तिन्ही वाक्यांच्या शेवटी ‘असेल’ असते. दोन पिढ्यांनंतर हे ‘असेल’ गळून पडते आणि त्याच्या जागी ‘आहे’ येऊन बसते.

२/ या तर्काला आधारच नाही, असे नव्हे. निजामाच्या फौजेत आणि नागपूरकर भोसल्यांच्या पदरी अरब शिपायांच्या तुकड्या होत्या. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाल्यावरही अरबांनी नागपूर शहर डिसेंबरअखेरपर्यंत लढवले. १८५३ मध्ये इंग्रजांकडे सोपवले जाईपर्यंत वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होते. ही पार्श्वभूमी खरी. परंतु पार्श्वभूमी म्हणजे पुरावा नव्हे. सनद, महसुली दप्तर किंवा शिलालेख हाती नसताना केवळ नावावरून गावाचा इतिहास सांगणे म्हणजे शेपूट चाचपून हत्तीचे वर्णन करणे होय.

३/ हत्ती चाचपण्याची ही उपमा आज सर्वांच्या तोंडी आहे. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पिढीतच ती लिहिली गेली, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत आहे. हा ग्रंथ केशिराजबास अर्थात केसोबास यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केला. पंथाचे एक मोठे पीठ रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यात, म्हणजे बोरी अरबप्रमाणेच जुन्या वऱ्हाडात आहे. मानवी आकलनाच्या मर्यादेचा प्रश्न या मातीला सातशे वर्षांपासून परिचित आहे.

४/ दृष्टांत साधा आहे. गावात हत्ती येतो. जन्मांध माणसे त्याला हातांनी पाहतात. पायाला हात लागलेला म्हणतो, हत्ती खांबासारखा. कानाला हात लागलेला म्हणतो, सुपासारखा. शेपटीला हात लागलेल्याला तो खराट्यासारखा वाटतो. खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाचा अनुभव स्वतःच्या हाताचा आहे. चूक स्पर्शात नाही. एका अवयवालाच हत्ती म्हणण्यात आहे.

५/ ही कथा कोणा एकाची नव्हे. बौद्धांच्या ‘उदान’ या पाली ग्रंथात ती श्रावस्तीच्या राजाच्या नावे येते. तेथे आंधळे अखेरीस एकमेकांना मुठींनी मारू लागतात आणि राजाची करमणूक होते. जैन आचार्यांनी ती अनेकान्तवाद समजावण्यासाठी वापरली. बाराव्या शतकात फारसी कवी सनाई याने ती सांगितली. जलालुद्दीन रूमी याने ‘मसनवी’त तिला निराळे वळण दिले. रूमीची माणसे आंधळी नाहीत. हत्ती अंधाऱ्या घरात बांधलेला आहे. प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती तर वादच मिटला असता, असे तो सुचवतो.

६/ कालगणना पाहिली की एक विलक्षण योग दिसतो. रूमीचे निधन १२७३ मध्ये कोन्या येथे झाले. चक्रधरस्वामींचे ‘उत्तरापंथे गमन’ साधारणपणे १२७४ च्या सुमाराचे मानले जाते. तुर्कस्तानातील कवी आणि गोदावरीकाठी मराठीत निरूपण करणारा संन्यासी हे एकाच काळाचे. दोघांची भेट नाही, भाषा एक नाही, धर्म एक नाही. तरी दोघांनीही आकलनाची मर्यादा दाखवण्यासाठी तोच प्राणी निवडला.

७/ आता वादाचा मुद्दा. आजकाल ही कथा एका मवाळ अर्थाने सांगितली जाते: ‘सगळेच थोडे थोडे बरोबर, म्हणून कोणी कोणाशी भांडू नये.’ हा अर्थ गोड आहे. पण चक्रधरांचा तो नाही. त्यांच्या दृष्टांतात आंधळ्यांखेरीज डोळसही आहे. त्याला सगळा हत्ती दिसतो. परमेश्वराचे ज्ञान आणि इतर देवतांची उपासना यांत चक्रधर स्पष्ट भेद करतात. दृष्टांतातील डोळस काढून टाकला, तर उरते ती आपल्याला सोयीची कथा, चक्रधरांची नव्हे.

८/ जुन्या वचनांशी असे वारंवार घडते. मूळ वचन टोकदार असते. वापरणाऱ्यांच्या हातांत ते गुळगुळीत होते. हेराक्लायटस या ग्रीक विचारवंताचा ग्रंथ नष्ट झाला. आज त्याची जी वचने उरली आहेत ती इतरांनी आपापल्या कारणांसाठी उद्धृत केलेली. कन्फ्यूशियसची वचने शिष्यपरंपरेने संकलित केली. त्यांतील कित्येक प्रसंगावाचून उभी आहेत आणि भाष्यकार दोन हजार वर्षे त्यांवर वाद घालत आहेत. सुभाषिताचे आयुष्य त्याच्या प्रसंगापेक्षा मोठे असते. त्याचे बळ त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.

९/ महानुभाव पंडितांना हा धोका नेमका कळला होता. याच कारणासाठी त्यांचे वाङ्मय आजच्या तरुण अभ्यासकाने वाचावे. केसोबासांनी चक्रधरांच्या मुखातील वचने निवडून ‘सूत्रपाठ’ बांधला. त्यातली सूत्रे अतिशय त्रोटक आहेत. काही तर दोन-तीन शब्दांतच संपतात. लक्षात ठेवायला सोपी, पण नुसती वाचली तर बंद पेटीसारखी. ही पेटी उघडण्यासाठी पंथाने एकेक किल्ली घडवली.

१०/ पहिली किल्ली दृष्टांत. ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची रचना तीन पायऱ्यांची आहे. आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांनीच सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटी केसोबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा सूत्राशी मेळ. गुरूचे शब्द कोठे संपतात आणि शिष्याचे स्पष्टीकरण कोठे सुरू होते, हे या मांडणीतच दिसते. मूळ साधन आणि भाष्य वेगळे राखण्याचा दंडक पाळणारे हे मराठी गद्य सातशे वर्षांपूर्वीचे आहे.

११/ दुसरी किल्ली प्रकरण. एखादे सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ या नावाचे वाङ्मय पंथात निर्माण झाले. सूत्र कितीही तेजस्वी असो, त्याचे प्रकरण ठाऊक नसेल तर अर्थ लावू नये, असा त्यामागचा आग्रह. एका शिष्याला दिलेली आज्ञा आणि सर्वांसाठी सांगितलेला नियम यांत अंतर असते. सूत्राच्या शब्दांत ते दिसत नाही, प्रसंगात दिसते.

१२/ तिसरी किल्ली सर्वांत महत्त्वाची. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते आठवणी गोळा करून. ज्यांनी चक्रधरांना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन विचारले, पडताळले, आणि नागदेवाचार्यांकडून खातरजमा करून घेतली. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे परंपरा सांगते. त्यानंतर हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली. साहजिकच पाठ अनेक झाले.

१३/ अशा वेळी एखाद्या पंथाने काय केले असते? एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले असते. महानुभावांनी निरनिराळ्या आठवणी जपल्या. एखाद्या प्रसंगाच्या अशा भिन्न आठवणीला त्यांनी ‘वासना’ हे नाव दिले आणि अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी, हे नोंदवून ठेवले. पाय चाचपणाऱ्याची साक्ष आणि कान चाचपणाऱ्याची साक्ष शेजारी शेजारी मांडून ठेवली.

१४/ येथे दृष्टांत आणि व्यवहार यांत एक सुंदर विसंगती दिसते. श्रद्धेच्या प्रांतात पंथ म्हणतो, डोळस एकच आहे. स्मरणाच्या प्रांतात तोच पंथ कबूल करतो, की आम्ही सारे चाचपणारे आहोत. म्हणून प्रत्येकाचा हात कोठे लागला ते लिहून ठेवू. देवाविषयी निःशंक असलेली ही माणसे स्वतःच्या स्मरणशक्तीविषयी मात्र सावध होती. खऱ्या शहाणपणाची खूण याहून वेगळी कोणती?

१५/ या परंपरेच्या मुळाशी आणखी एक निर्णय होता. केसोबास संस्कृतचे पंडित. ‘रत्नमालास्तोत्र’ हे त्यांचे संस्कृत काव्य प्रसिद्ध आहे. परंतु पंथाचे ज्ञान संस्कृतात नेण्यास नागदेवाचार्यांनी नकार दिल्याची आठवण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नोंदलेली आहे. तसे केल्यास पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया वंचित होतील, हे त्यांचे कारण. ज्ञानाची मर्यादा केवळ बुद्धीची नसते. भाषेचीही असते, आणि ती माणसेच घालतात. हे तेराव्या शतकात ओळखले गेले होते.

१६/ आणि मग इतिहासाने उलटे वळण घेतले. ज्या पंथाने स्त्रियांसाठी संस्कृत नाकारले, त्यानेच चौदाव्या शतकाच्या सुमारास आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यांतली मुख्य. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजण्याची ही रीत. पवित्र ग्रंथ अनधिकारी हातांत पडू नयेत, हा हेतू असावा. परिणाम असा झाला की मराठीतील आद्य गद्यग्रंथ शतकानुशतके बहुसंख्य मराठी माणसांना वाचताच आले नाहीत. हत्ती गावातच होता. पण खोलीत अंधार होता.

१७/ अंधारात माणसे गप्प बसत नाहीत. चाचपतात आणि बोलतात. इतर देवतांची उपासना न करणारा, शिष्यांत जातिभेद न पाळणारा, स्त्रियांना संन्यास देणारा आणि पोथ्या गुप्त ठेवणारा हा पंथ भोवतालच्या समाजाला संशयास्पद वाटू लागला. ‘महानुभाव’ हा शब्द बोलीत ‘मानभाव’ झाला, आणि त्यातून ‘मानभावी’ हे विशेषण निघाले. अर्थ: वरून नम्र, आतून कपटी. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी म्हणही रूढ झाली.

१८/ या म्हणीकडे शांतपणे पाहावे. तिला लय आहे, अनुप्रास आहे, नेमकेपणा आहे. सुभाषितात जे जे हवे ते सर्व तिच्यात आहे. नाही ते फक्त सत्य. अहिंसा हे ज्या पंथाचे कठोर व्रत, त्याला ती कसाबाच्या शेजारी उभे करते, आणि जाता जाता कसाबाच्या प्रामाणिक धंद्यालाही शिवी बनवते. एका वाक्यात दोन समाजांवर अन्याय आणि तोही इतक्या सफाईने, की बोलणाऱ्याला आपण काही वाईट बोललो हे जाणवतही नाही.

१९/ म्हणजे छोटे, घोटीव वाक्य शहाणपणच वाहून नेते असे नाही. अज्ञानही त्याच वाहनातून प्रवास करते. सूत्र आणि म्हण दिसायला सारखी. फरक एवढाच, की सूत्रासोबत त्याचे प्रकरण, दृष्टांत, दार्ष्टांतिक आणि वासना जपल्या गेल्या. म्हणीसोबत काहीच जपले गेले नाही. ती कोणी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या रागातून म्हटली, हे पुसले गेले आणि निवाडा तेवढा उरला.

२०/ अंधार ओसरला तो विसाव्या शतकात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे ठेवला. पंथातील काही महंतांनीही पोथ्या खुल्या केल्या. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध केला आणि शारदाश्रम या संस्थेच्या द्वारे हस्तलिखिते जमवली. बोरी अरबच्या जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या गावात हे काम झाले, ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी.

२१/ पुढे ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ आणि ‘दृष्टांतपाठ’ संपादित केले. वि. भि. कोलते यांचे ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८३ मध्ये ‘सूत्रपाठा’वरचा आपला अभ्यास इंग्रजीत प्रसिद्ध केला. यांपैकी कोणाजवळही दिव्य दृष्टी नव्हती. एका पोथीशेजारी दुसरी ठेवायची, पाठभेद टिपायचे, प्रसंग तपासायचे, एवढेच त्यांनी केले. रूमीच्या अंधाऱ्या घरात एकेक मेणबत्ती नेण्याचेच हे काम.

२२/ येथे एक आक्षेप घेता येईल. ‘शब्दांचे अर्थ बदलतात. आज “मानभावी” म्हणताना कोणाच्याही मनात पंथ नसतो. मग जुनी जखम उकरून काय साधणार?’ आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण बोलणाऱ्याच्या मनात पंथ नसला, तरी ऐकणाऱ्याच्या घरात तो असू शकतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात महानुभाव अनुयायी आजही मोठ्या संख्येने आहेत. वर्गात शिक्षकाने हा शब्द सहज उच्चारावा आणि त्याच वर्गात गळ्यात पंथाची खूण घातलेले मूल बसलेले असावे, हे प्रसंग कल्पनेतले नव्हेत.

२३/ यावर उपाय शब्दावर बंदी हा नाही. कोशातून शब्द खरवडला तर इतिहासाचा पुरावाच नाहीसा होईल. पोथ्या जाळणाऱ्यांचीच ती रीत. उपाय महानुभावांनीच दाखवला आहे: शब्दाला त्याचे प्रकरण जोडावे. ‘मानभावी’ हा शब्द कोशात राहावा. त्याच्यासोबत तो कोणाविषयीच्या गैरसमजातून आला तेही राहावे. ज्याला हे प्रकरण ठाऊक झाले, त्याच्या तोंडी तो शब्द पूर्वीइतक्या सहजतेने येणार नाही. ज्ञानाचा परिणाम असाच, आतून व्हायला हवा.

२४/ २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले. अभिमानाने ‘लीळाचरित्रा’चे नाव घेतले गेले. ज्यांच्या ग्रंथांवर भाषेच्या प्राचीनतेचा गौरव उभा आहे, त्यांचेच नाव ती भाषा ढोंगीपणाला वापरते, ही विसंगती या गौरवात कोठे बसते? अभिजातपणा केवळ वयाने सिद्ध होत नाही. स्वतःच्या शब्दांतील आंधळेपणा ओळखणे, हाही अभिजात भाषेचा गुण मानला पाहिजे.

२५/ इतिहासाची आवड असलेल्या तरुण पिढीपुढे रोज शेकडो सुविचार येतात. सुंदर अक्षरे, मागे गडाचे चित्र, खाली एखाद्या थोर पुरुषाचे नाव. त्यांतील कित्येक वाक्ये त्या पुरुषाने कधी उच्चारलेली नसतात. उच्चारलेली असली तरी प्रसंग निराळाच असतो. पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न पुरेसे आहेत: हे कोठे नोंदले आहे? कोणत्या प्रसंगी म्हटले? याची दुसरी ‘वासना’ आहे का? उत्तर नसेल तर ते वाक्य कितीही गोड असो, तेथेच थांबवावे.

२६/ आणि शेवटी पुन्हा बोरी अरब. त्या नावातल्या ‘अरब’चा उलगडा एखाद्या दप्तरात सापडेलही. तोपर्यंत ‘असेल’ हा शब्द वाक्यात जपून ठेवणे, हेच अभ्यासकाचे कर्तव्य. चक्रधरांच्या दृष्टांतातला डोळस होणे इतिहासकाराच्या नशिबी नाही. तो चाचपणाऱ्यांपैकीच एक आहे. मात्र आपला हात हत्तीच्या कोणत्या अवयवावर आहे हे त्याने प्रांजळपणे सांगावे आणि शेजाऱ्याचा हात कोठे आहे तेही विचारावे. सातशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडाने एवढे शहाणपण लिहून ठेवले आहे. ते वाचता येऊ लागले त्याला मात्र अजून सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत.